पाचवीचा कागद

तीर्थपुरी
शुक्रवार, १३ मार्च २०२६

चि. सौ. वंदना हिला नणंदेचा, तिच्या अक्काचा आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक. आईचा गुडघा तसाच आहे आणि बडबडही तशीच. नात झाल्याचं कळल्यापासून डिंकाच्या लाडवांसाठी तिनं माझ्याकडून तीनदा खोबरं किसून घेतलं आणि तिन्ही वेळा कीस जाड आला म्हणून सांगितलं. लाडू तुझ्या हरीसोबत पाठवतेय. कीस खरंच जाड लागला तर तिला कळवू नकोस, नाहीतर वर्षभर ऐकावं लागेल मला.

हरी संध्याकाळपर्यंत इथं पोचतो म्हणाला. उद्या पोरीची पाचवी, तेव्हा तो कागद घेऊन लगेच जालन्याला परत फिरेल. त्याच्याजवळच हे पत्र देते. मी लिहायला बसलेली बघून आई म्हणाली, "फोन मेला का काय तुझा?" मेला नाही. पण फोनवर हे होणार नाही. दोन वाक्यं झाली की तू मधेच म्हणशील, "जाऊ द्या अक्का." तुझी ती सवयच आहे. पत्राला कुणाला मधे तोडता येत नाही.

काल सकाळी तू पोरीचा फोटो पाठवलास. मी बघितला आणि तुला फोन करून ओरडले. आत्ताच्या आत्ता डॉक्टरला दाखव, उद्यावर टाकू नको, मावशी काय म्हणते ते ऐकू नको. एवढं बोलून फोन ठेवून दिला. बाळंतपणाला आलेल्या तुझ्या मावशीला वाटलं असेल, ह्या बाईला चळ लागला. मग हरीचा फोन आला, की टाचेला सुई टोचून रक्त तपासलं, कावीळ निघाली, निळ्या दिव्याखाली ठेवलंय. आज दुपारी पुन्हा फोन आला. उतरली, धोका नाही, घरी सोडलं. मी किसणी हातात धरून रडले. आईला वाटलं बोट कापलं.

त्यानंतर तुझा फोन. तू म्हणालीस, "अक्का, मी बाजूला निजून राह्यले, मला दिसलं न्हाई. तुम्हाला फोटोत कसं काय दिसलं? तुम्ही होत्या म्हणून वाचली माझी पोरगी."

मी म्हणाले, "असंच."

त्या "असंच"च्या जागी हे पत्र आहे. ते वाचल्यावर तू मला तुझ्या दारात उभी करशील की नाही, मला सांगता येत नाही. बारशाचं बोलावणं तू मला आधीच देऊन ठेवलंयस. ते तू दिलंच नव्हतंस असं समज आणि पुढं वाच.

पण आधी कागदाचं सांगते. मी टाळतेय हे मला कळतंय. थोडं टाळू दे.

संक्रांतीनंतर तू म्हणाली होतीस, "पाचवीला कागद तुमच्याच हातचा पाहिजे. किनारीसकट." तीन वर्षांत मी बोरू हातात धरला नव्हता. माळ्यावरून डबा काढला तर बोरूंना भुंगा लागलेला. नवे केले. वाटूर फाट्यावरच्या रसवाल्याला सांगून डाळिंबाच्या साली मागवल्या, पिशवीभर. त्याला वाटलं दैवशालाबाईंनी बकरी घेतली. गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी मडक्यात घालून तोंड बांधून ठेवलं. वीस दिवसांनी झाली शाई. साली उकळल्या, गाळल्या, तुरटी टाकली, परातीत एकेक कागद बुडवला आणि सावलीत दोरीवर वाळत घातले. रंग असा आला, की भाकरीचा पापुद्रा तव्यावर भाजून निघतो ना, तसा. मनासारखा.

आणि ती शाई. तू कधी निवांत बसून बघितलीच नाहीस. रेघ ओढताना चहाच्या पाण्यासारखी फिकी दिसते, वाटतं काही उमटलंच नाही. दम धरायचा. हवा लागली की डाळिंबाच्या कागदावर ती हळूहळू काळी होते. पहिले सात कागद वाया गेले, रेघ धड येईना. आठव्यावर बोटांना आपोआप आठवलं. आधी ठिपके, मग ठिपके जोडत वेल, चार कोपऱ्यांत चार कुयऱ्या, मधेमधे गोपद्मं. रेघ काळी होताना बघत बसले आणि मला आनंद झाला, वंदना. फार आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली आणि उठून भांडी घासली.

मधली जागा या वेळी ऐसपैस ठेवलीय. सटवाईला लिहायला कमी पडणार नाही. आईसाठी म्हणून ठेवली, मला ते पटत नाही हे तुला माहीत आहे.

आई तेव्हा काय म्हणाली ते तू विसरली नसशील. आपलं पहिलं बाळ गेलं, दारात सगळी भावकी बसलेली, आणि ती म्हणाली, "पाचवीच्या कागदावर हिनं आधीच वेली काढून ठेवल्या. सटवाईनं त्याचं नशीब लिवायचं कुठं?" आठ दिवसांत सगळ्या गावाच्या तोंडी तेच. बाजारात बायका माझ्याकडे बघून पदर सावरायच्या. एकटी तू बोललीस. अंगात ताकद नव्हती, भिंतीला धरून उभी होतीस, तरी म्हणालीस, "कागदानं लेकरू मरत नसतं, माय. अक्काला काही म्हणू नका."

मग मी कागद रंगवायचं काम बंद केलं. रंगाची भांडी भंगारात दिली. लोक म्हणाले, दैवशालानं प्रायश्चित्त घेतलं. तूसुद्धा फोनवर किती वेळा म्हणालीस, अक्का, पुन्हा सुरू करा, तुमचा काही दोष नाही.

खरं काय ते सांगते. माझ्यावर खोटा आळ आला होता आणि मला तो बरा वाटला. खरा कुणाला सुचलाच नव्हता. मी त्या कागदाच्या आड जाऊन बसले.

आणि मी तिथं बसले होते तेव्हा लोकांनी उरलेला दोष तुला दिला. गल्लीतल्या संतोषबाईंनी दिला, तुझ्या चुलत सासूनं दिला. दूध लागलं नाही, आईला दूधच नव्हतं, लेकरू सुकून गेलं. तू ते खरं मानलंस. हरीनं जालन्याला कारखान्यात नोकरी धरली आणि तुम्ही इथून गेलात, तेही त्या बोलण्यापायीच, मला कळत नव्हतं का? या खेपेला तू सातव्या महिन्यापासून शतावरी खात होतीस, आणि दर फोनला एकच विचारणं, "अक्का, यंदा दूध पुरंल ना?" मी म्हणायचे, पुरेल गं. दर वेळी म्हणायचे. फोन ठेवला की मला माझ्या तोंडाची किळस यायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच म्हणायचे.

आता लिहिते.

तुला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण इथं केलं. मीच पुढं होऊन म्हणाले होते, मी आहे ना, तिला माहेरची आठवण येऊ देणार नाही. आणि नेमकं त्याच महिन्यात जालन्याच्या श्रेणिकशेटचं काम घेतलं. त्यांच्या बहिणीचं, मुस्कानचं लग्न होतं, त्यांना हळदीच्या कागदाची तीनशे पाकिटं हवी होती, कुयरीच्या किनारीची. दोन्ही कामं मी एकटी रेटीन असा माझा तोरा. अंगणात हळदीच्या पाण्याच्या पराती मांडलेल्या, माझे हात कोपरापर्यंत पिवळे. साबण लावला की लाल व्हायचे, ताक लावलं की परत पिवळे. तू हसायचीस. म्हणायचीस, "अक्का, तुमचंच लग्न हाय का काय?"

त्याच हातांनी मी बाळाचं सगळं करत होते. तेल, न्हाणं, शेक, दुपटं बांधणं. त्याच्या टोपड्यावर माझी बोटं उठलेली असायची.

पाचवीच्या सकाळी तू मला हाक मारलीस. "अक्का, इकडं बघा बरं. बाळ पिवळं दिसून राह्यलंय का?"

मी हसले. म्हणाले, "अगं, माझ्या हाताची हळद ती! थांब, दाखवते." फडकं ओलं केलं, त्याचा गाल पुसला आणि फडकं तुझ्यासमोर, सगळ्यांसमोर धरलं. पिवळंधमक. तुला पटलं. तूही हसलीस. म्हणालीस, "मी उगंच घाबरले."

वंदना, ती हळद माझ्या बोटांची होती. फडकं मी त्याच बोटांनी पिळलं होतं. गालाला न लावताच ते तुला दाखवलं असतं तरी तेवढंच पिवळं दिसलं असतं. जन्मभर रंगांत हात घातलेल्या बाईला एवढं कळू नये?

इथपर्यंत चूक म्हणता येईल. तू माफही करशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून इथं थांबू नकोस.

सातव्या दिवशी सकाळी तू आत पडली होतीस. मी त्याला घेऊन अंगणात कोवळ्या उन्हात बसले होते, पायांवर घेऊन तेल लावत होते. त्यानं डोळे उघडले. त्याच्या डोळ्यांचं पांढरं पिवळं झालं होतं.

डोळ्यांना कुणी हळद लावत नाही. मला त्या क्षणी कळलं. संशय नाही, शंका नाही, मला कळलं.

आणि मी गप्प बसले.

का, ते मी तीन वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगत आले. संध्याकाळी श्रेणिकशेटचा माणूस पाकिटं न्यायला येणार होता आणि ऐंशी पाकिटं बाकी होती, हे एक. पण नुसतं तेच असतं तर मी हरीला तरी म्हणाले असते. दोन दिवसांपूर्वी मी सगळ्यांसमोर हसत फडकं दाखवलं होतं. आता दवाखान्यात न्या म्हटलं, तर आई म्हणाली असती, लेकरू सोडून रंग बघत बसली. मला ते ऐकायचं नव्हतं. मनाशी म्हटलं, ऊन देऊ, उतरेल. संध्याकाळपर्यंत बघू. संध्याकाळी काम हातावेगळं झालं की सांगू.

मी त्याचं टोपडं खाली ओढलं, भुवयांच्याही खाली, आणि तसंच तुझ्या कुशीत आणून दिलं. तू म्हणालीस, "लई खाली आलंय टोपडं." मी म्हणाले, "राहू दे, डोळ्यांवर उजेड येतो त्याच्या." उजेडासाठी नव्हतं ते. तुला दिसू नये म्हणून होतं.

दुपारी तू म्हणालीस, "आज नुसतं झोपून राह्यलंय." मी तिकडून ओरडले, "गुणाचं आहे!" आणि कुयऱ्या काढत राहिले. ऐंशीच्या ऐंशी काढल्या, वंदना. एकीचीही रेघ वाकडी गेली नाही. मला सगळ्यात जास्त छळतं ते हे. हात थोडा तरी कापायला हवा होता.

दिवेलागणीला त्यानं अंगावर पिणं सोडलं. पुढचं तुला ठाऊक आहे. शेजारच्यांची जीप, तू मागच्या सीटवर त्याला छातीशी धरून. जालन्याला पोचलो तेव्हा तुला उभं राहता येईना, म्हणून बाकावर बसवलं. आत हरी आणि मी गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "पिवळं कधीपासून आहे?" हरीनं माझ्याकडे बघितलं. बाळाचं सगळं मीच करत होते ना. मी म्हणाले, "आजच. संध्याकाळी दिसलं."

ते म्हणाले, "एका संध्याकाळीत एवढं चढत नाही, बाई." आणि माझ्या हातांकडे बघितलं. मी हात पदराखाली घेतले. ते पोराकडं वळले. नवव्या दिवशी ते गेलं.

दोन दिवस आधी नेलं असतं तर ते राहिलं असतं का, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही. मी स्वतःला सांगत आले, की त्याचं तेवढंच होतं, नसतंच राहिलं. या एका वाक्यावर मी तीन वर्षं जेवले, झोपले. काल तुझ्या पोरीला वेळेत नेलं आणि दीड दिवसात ती घरी आली. आता ते वाक्य माझ्याजवळ राहिलं नाही.

म्हणून तू "तुम्ही होत्या म्हणून वाचली" म्हणालीस तेव्हा मला ते ऐकवेना. फोटोत मला कसं दिसलं? तीन वर्षं मी प्रत्येक तान्ह्या लेकराचे डोळे बघतेय. बाजारात, एसटीत, जांबच्या देवळात रांगेत. बायकांना वाटतं मूल नसलेली बाई, जीव तुटतो तिचा. तसं नाही. मी फक्त पांढरं बघत असते.

तुझं दूध कमी नव्हतं. पहिल्या दिवसापासून पोटभर पीत होतं ते, मी बघत होते. तू आधी बघितलं होतंस, सगळ्यांच्या आधी, पाचवीच्या सकाळी. तुझी नजर बरोबर होती. मी ती फडक्यानं पुसली. आता पोरीच्या बाबतीत तुला काही वाटलं तर कुणाच्याही हसण्यावर जाऊ नकोस. खिडकीजवळ ने, दिवसाच्या उजेडात तिच्या नाकावर बोट दाबून बघ, डोळे बघ. डॉक्टरांनी परत बोलावलंय त्या दिवशी जा म्हणजे जाच. मावशी म्हणो, आई म्हणो, मी म्हणो.

आईला मी उद्या सकाळी सगळं सांगणार आहे. हरीला तू हे पत्र वाचायला दे. त्याच्या तोंडावर सांगायला हवं होतं, पण तो आज गाडी चालवत परत जायचा आहे, डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला मी रस्त्यावर पाठवू शकत नाही. हे निमित्त नाही. की आहे, मला आता ओळखता येत नाही.

पत्रासोबतच्या नळीत दोन कागद आहेत. एक किनारीचा आणि एक साधा, वहीतला. उद्या पाट्यावर कोणता ठेवायचा ते तू ठरव. किनारीचा चुलीत घातलास तरी चालेल, शपथेवर सांगते. नाव ठेवायला मोनालीला बोलाव. तीही चुलत का होईना, आत्याच आहे आणि तिचे हात स्वच्छ आहेत. मी येणार नाही. तू मोठ्या मनानं ये म्हणशील, म्हणून आधीच सांगते, एवढ्या लवकर म्हणू नकोस. आधी चीड माझ्यावर. तू त्या वेळी नुसती रडलीस, एकदाही चिडली नाहीस, कारण चिडायला समोर कुणी नव्हतं. आता आहे.

एक राहिलं. बाराव्या दिवसापर्यंत ते राहिलं नाही, म्हणून त्याचं बारसं झालं नाही. सगळे त्याला "बाळ" म्हणतात, हरी "पहिलं" म्हणतो, आई काहीच म्हणत नाही. पण आत्यानं नाव आधीच ठरवून ठेवलेलं असतं. मी पाचव्या महिन्यातच ठरवलं होतं, समर्थांच्या जांबला गेले होते तेव्हा. समर्थ सांगायचे आणि ते उतरवून घेणारा तो शिष्य, त्याचं. म्हटलं आपल्या घरातलं पोर आहे, शाईचं नातं असावं. ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं असतं त्याच्या कानात, आणि मग सगळ्यांना मोठ्यानं. त्याला जमिनीत ठेवताना मी वाकले होते, सांगणार होते, पण माझ्या तोंडून निघालं नाही. कुठल्या तोंडानं निघणार?

तू त्याची आई आहेस. तुला तरी माहीत असावं. कल्याण.

कल्याणची आत्या,
दैवशाला